समुद्राची कैवारी : रेचल कार्सन



रेचल कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेत, पेनसिल्वेनिया राज्यातील स्प्रिंगडेल गावी झाला. गाव समुद्रापासून दूर. तरी ओढ समुद्राचीच. प्राणिशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या सरकारी मत्स्यखात्यात लागल्या. वडील वारले, मग बहीणही गेली. तिच्या दोन मुलींना रेचल व त्यांच्या आईने सांभाळले. पुढे १९५७ साली एक भाची वारली, तेव्हा तिचा पाच वर्षांचा मुलगा रेचल यांनी दत्तक घेतला.

१९५१ साली समुद्रावरील त्यांचे पुस्तक गाजले आणि त्यांनी नोकरी सोडून लेखनास वाहून घेतले. १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ आले. शेतात, दलदलीत फवारलेले डीडीटी पाण्याबरोबर नदीत व खाडीत जाते. तेथील सूक्ष्म जीवांतून माशांत, माशांतून पक्ष्यांत साठत जाते, हे त्यांनी दाखवून दिले. औषधे मुळीच नकोत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. परिणाम न जाणता ती वापरू नयेत, एवढेच होते.

कीटकनाशक कंपन्या त्यांच्यावर तुटून पडल्या. तेव्हा त्यांना कर्करोग झालेला होता. विरोधकांनी आजाराचे भांडवल करू नये म्हणून त्यांनी तो लपवला आणि १९६३ साली सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६व्या वर्षी त्या वारल्या. अमेरिकेत डीडीटीच्या बहुतेक वापरांवर बंदी आली ती १९७२ साली.

फवारणाऱ्याला समुद्र दिसत नाही, म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. आपल्या दारचे गटारही कुठेतरी समुद्रालाच मिळते.