मुंबईच्या रस्त्यांवर गॅसबत्ती आली १८६५ मध्ये, पण माझगावच्या अर्देशीर वाडियांनी १८३४ मध्येच उजेड पाडला होता

१९६९ सालची गोष्ट. तेव्हा देशभरातली टपाल तिकिटं नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जायची. त्या वर्षी मे महिन्यात २० पैशांचं एक तिकीट आलं. त्यावर एका पारशी गृहस्थाचा चेहरा आणि सोबत जहाजं. नाव होतं अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

तिकिटं पत्रांवर चिकटली, त्यावर शिक्के बसले आणि विषय संपला. वाडिया म्हटलं की आजही लोकांना कापडाच्या गिरण्या, बिस्किटं आणि विमानं आठवतात. पण या वाडियांनी मुंबईला गॅसचा दिवा दाखवला, वाफेवर चालणारी बोट बांधली आणि ज्या काळात नेटिव्ह माणसाला गोऱ्यांच्या हाताखालीच काम करावं लागायचं, त्या काळात गोऱ्या इंजिनिअरांना आपल्या हाताखाली घेतलं.

गोष्ट सुरू होते ती सुरतेपासून.

१७३६ साली लवजी नुसेरवानजी वाडिया हे जहाज बांधणारे कारागीर सुरतेहून मुंबईत आले. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत गोदी उभी करायची होती. पुढे मुंबई गोदीचा मास्टर बिल्डर म्हणजे वाडिया, हे समीकरणच झालं. मलबारचं सागवान आणि वाडियांचा हात, यातून तयार झालेली जहाजं ब्रिटिश नौदलाने वापरली. १८१७ साली मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला उभं आहे.

याच घरात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर यांचा जन्म झाला. वडील कर्सेटजी रुस्तमजी हेही गोदीतलेच. वयाच्या चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, पोरगा गोदीत कामाला लागला. घराण्याचा रस्ता ठरलेला होता. लाकूड ओळखायला शिकायचं, जहाजाची आखणी शिकायची आणि एक दिवस मास्टर बिल्डर व्हायचं.

पण याच काळात समुद्रावर वाफ आली.

१८२९ साली मुंबईत ह्यू लिंडसे नावाची आगबोट बांधली गेली. तिची इंजिनं इंग्लंडहून आली होती. पुढच्याच वर्षी ती मुंबईहून सुएझला गेली. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंड गाठायला कित्येक महिने लागायचे, तिथे आता सुएझमार्गे टपाल खूप लवकर पोहोचू शकत होतं. तरुण अर्देशीर यांना कळून चुकलं की यापुढे नुसतं सागवान ओळखून भागणार नाही, इंजिन ओळखावं लागेल.

इंजिनाचं रीतसर शिक्षण मिळणं सोपं नव्हतं.  तरीही १८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी ६० टनांची एक छोटी बोट पाण्यात उतरवली. नाव ठेवलं इंडस. तिच्यात वाफेचं इंजिन होतं, पंप होते.

आणि दुसऱ्या वर्षी त्यांनी दिवा लावला.

तो काळ तेलाच्या दिव्यांचा आणि मेणबत्त्यांचा. बल्बचा तर पत्ताच नव्हता. इंग्लंडमध्ये विल्यम मर्डॉकने १७९२ च्या सुमारास कोळशाच्या गॅसवर आपलं घर उजळलं होतं आणि नंतर लंडनचे रस्तेही गॅसवर गेले होते. पण मुंबईत हे कुणी पाहिलं नव्हतं. १८३४ मध्ये अर्देशीर यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. ही नवलाई पाहायला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः बंगल्यावर आले.

आता हा दिवा लागायचा कसा?

दगडी कोळसा लोखंडाच्या बंद भांड्यात भरायचा आणि भांड्याला बाहेरून आच द्यायची. आत हवा जाऊ द्यायची नाही, म्हणजे कोळसा जळत नाही, त्यातून गॅस निघतो. हा गॅस गार केला की त्यातलं डांबर आणि पाणी वेगळं होतं. मग चुन्यातून नेऊन त्यातली घाण काढायची, टाकीत साठवायचा आणि नळ्यांमधून दिव्यापर्यंत न्यायचा. तिथे काडी लावली की झाला उजेड.

सांगायला सोपं आहे. पण दिवा लावणं वेगळं आणि तो रोज लागत ठेवणं वेगळं.

गॅसच्या नळीत पाणी साचलं की ज्योत फडफडते. डांबर अडकलं की दिवा मंद होतो. जोड सैल झाला तर गॅस गळतो आणि तो जिवावर बेततो. अशा वेळी दिव्याकडे बघून उपयोग नसतो. दिव्यापासून उलट मागे जायचं असतं. आधी बर्नर, मग नळी, मग एकेक जोड, मग टाकी.

गंमत म्हणजे आज कोकणातल्या एखाद्या छोट्या बोटीवरचा विजेचा दिवा बंद पडला तरी रीत हीच आहे. आधी बल्ब, मग होल्डर, फ्यूज, वायरचे जोड आणि शेवटी बॅटरीची टर्मिनलं. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो, तिथे वीज अडते आणि दिवा मिणमिणतो. नुसता बल्ब बदलला तर काहीच होत नाही, कारण बिघाड बल्बमध्ये नसतोच. आणि भर समुद्रात मेकॅनिक बोलावता येत नाही. जो बोटीवर आहे त्यालाच दुरुस्ती यावी लागते.

हे गणित अर्देशीर यांच्या काळात तर जास्तच कडक होतं. इंजिन इंग्लंडहून यायचं, पण बिघडायचं मुंबईत. एखादा भाग तुटला आणि तो विलायतेहून मागवावा लागला, तर जहाज महिनोन्‌महिने उभं. म्हणून त्यांनी घरीच फाउंड्री उभी केली. जे तुटेल ते इथेच ओतायचं आणि इथेच बसवायचं.

पुढचं शिक्षण घ्यायला १८३९ मध्ये ते इंग्लंडला निघाले. सुएझचा कालवा व्हायला अजून ३० वर्षं होती. त्यामुळे मुंबईहून जहाजाने सुएझ, तिथून इजिप्तमधून जमिनीवरून प्रवास आणि मग पुन्हा जहाज, असा तो मार्ग होता. या प्रवासाची त्यांनी रोजनिशी लिहिली आणि ती १८४० मध्ये लंडनला छापली गेली. इंग्लंडमध्ये त्यांनी गोद्या आणि कारखाने पालथे घातले, यंत्रं समजून घेतली.

तिथल्या जाणकारांनाही या माणसाचं पाणी कळलं. २७ मे १८४१ रोजी अर्देशीर रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढचे भारतीय फेलो म्हणजे श्रीनिवास रामानुजन, तेही १९१८ मध्ये. मध्ये तब्बल ७७ वर्षं गेली. अर्देशीर यांच्या शिफारशीत दोन गोष्टी ठळक होत्या, मुंबईत आणलेला गॅसचा दिवा आणि ती ६० टनांची छोटी बोट.

पण खरी परीक्षा मुंबईत होती.

त्याच वर्षी कंपनीने त्यांना मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचा मुख्य इंजिनिअर आणि यंत्रांचा निरीक्षक नेमलं. म्हणजे आगबोटींची इंजिनं, बॉयलर, दुरुस्ती, सगळं त्यांच्या सहीने. आणि हाताखाली युरोपियन इंजिनिअर. झालं, मुंबईतल्या काही इंग्रजांना हे झोंबलं. नेटिव्ह माणूस गोऱ्यांवर हुकूम कसा चालवणार, असा सूर इंग्रजी वर्तमानपत्रातही उमटला.

मुद्दा पगाराचा किंवा पदाचा नव्हता. यंत्र चालवायला नेटिव्ह चालत होता, कोळसा टाकायला चालत होता. पण बिघाड कुठे आहे हे नेटिव्ह माणसाने ठरवावं आणि गोऱ्याने ते ऐकावं, हे पचत नव्हतं. अर्देशीर यांनी वाद घातल्याच्या कथा नाहीत. ते १८५७ पर्यंत कामावर राहिले, हेच त्यांचं उत्तर होतं.

मधल्या काळातही शिकणं थांबलं नाही. १८४९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि लाकूड कापायची यंत्रं घेऊन आले. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी लवजी फॅमिली नावाची आगबोट पाण्यात उतरवली. घराण्याच्या मूळ पुरुषाच्या नावाची ही बोट, आणि तिच्या यंत्राचे भाग घरच्या फाउंड्रीत तयार झालेले. शिलाई मशीन, फोटोग्राफी आणि इलेक्ट्रोप्लेटिंग मुंबईत आणण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं.

१ ऑगस्ट १८५७ रोजी ते निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी इंग्लंडला गेले. पण हात स्वस्थ बसेनात. १८६१ मध्ये सिंधमधल्या कोटरी इथे सिंधू नदीवर आगबोटी चालवणाऱ्या इंडस फ्लोटिला कंपनीत ते इंजिनिअर म्हणून आले. दोन वर्षांनी परत गेले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी लंडनजवळच्या रिचमंडला त्यांचं निधन झालं.

७ ऑक्टोबर १८६५ च्या संध्याकाळी मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्यांदा गॅसचे दिवे लागले. भेंडी बाजार, चर्चगेट स्ट्रीट अशा भागांत दिवे लावणाऱ्या माणसांच्या मागे बघ्यांची गर्दी फिरत होती. लोकांसाठी तो चमत्कार होता. पण माझगावच्या एका बंगल्यात हाच उजेड ३१ वर्षं आधी पडला होता.

एडिसनचा बल्ब आला १८७९ मध्ये आणि पुढच्याच वर्षी कोलंबिया नावाच्या अमेरिकी जहाजावर विजेचे दिवे लागले. दिवा आणि बोट, अर्देशीर यांच्या आयुष्यातल्या या दोन गोष्टी तिथे एकत्र आल्या. ते बघायला मात्र ते राहिले नव्हते.