विंचेस्टरने रॉयल्टी नाकारली आणि जगाला मिळाली ‘कुबडवाली’ शॉटगन : जॉन ब्राउनिंगची गोष्ट

ब्राउनिंग हे नाव मराठी माणसाला अगदीच नवीन नाही. १९०९ साली नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून गुपचूप पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक होतं, हेही आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण ज्याच्या नावाचं ते पिस्तूल, तो ब्राउनिंग कोण होता?

तो होता अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावचा एका बंदूक-कारागिराचा मुलगा. आणि त्याची सगळ्यात लाडकी निर्मिती पिस्तूल नव्हतीच, ती होती एक शॉटगन! आज शंभर वर्षांनंतरही लोक ती जुनी, वापरलेली बंदूक शोधून विकत घेतात. चला, तिची आणि तिच्या बापाची गोष्ट जाणून घेऊया.

भंगारातून सुरुवात

जॉन मोझेस ब्राउनिंगचा जन्म २३ जानेवारी १८५५ चा. वडील जोनाथन यांना तीन बायका आणि तब्बल २२ मुलं. घरात बंदुका दुरुस्त करायचं दुकान. त्यामुळे जॉनची खेळणी म्हणजे दुकानातलं भंगार. त्या भंगारातूनच त्याने लहान वयात चालणारी बंदूक बनवली.

१८७९ मध्ये त्याला पहिलं पेटंट मिळालं, एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या रायफलसाठी. भावांना हाताशी धरून त्याने ती रायफल गावातच बनवायला घेतली. तिची कीर्ती विंचेस्टर या बड्या कंपनीपर्यंत पोहोचली. कंपनीचे टी. जी. बेनेट १८८३ मध्ये थेट ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलर मोजून हक्क घेऊन गेले.

पुढची १९ वर्षं हेच चाललं. जॉन डिझाईन करायचा, विंचेस्टर एकरकमी पैसे देऊन विकत घ्यायची. काही डिझाईन तर केवळ दुसऱ्या कंपनीच्या हाती लागू नयेत म्हणून घेतली आणि कपाटात ठेवून दिली!

आपोआप भरणारी बंदूक

१८९८ च्या सुमारास जॉनने एक अवघड कोडं सोडवलं. शॉटगनचं काडतूस उडालं की खांद्याला जोरदार धक्का बसतो. या वाया जाणाऱ्या धक्क्यानेच पुढचं काडतूस भरता आलं तर?

त्याची युक्ती अशी होती. बार उडाला की नळी आणि तिच्यामागचा बोल्ट एकमेकांना धरून मागे सरकतात. मग नळी एकटी पुढे येते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि शेवटी बोल्ट नवं काडतूस घेऊन पुढे येतो. माणसाने फक्त चाप ओढायचा. चार काडतुसं पोटात, एक नळीत, म्हणून नाव पडलं ‘ऑटो-५’. मागच्या बाजूला उंच चौकोनी आकार असल्यामुळे लोक तिला ‘कुबडवाली’ म्हणू लागले.

या वेळी मात्र जॉनने एकरकमी पैसे नको म्हटलं. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी हवी, ही त्याची अट होती. बेनेट यांनी नकार दिला. १९ वर्षांचा व्यवहार तिथेच संपला.

जॉन मग रेमिंग्टन कंपनीकडे वळला. ८ जानेवारी १९०२ ला कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांची भेट ठरली होती. पण भेटीच्या काही तास आधी हार्टली यांचं हृदयविकाराने निधन झालं!

दुसरा कोणी असता तर नमतं घेऊन विंचेस्टरकडे परतला असता. जॉनने बंदूक उचलली आणि बोटीने बेल्जियम गाठलं. तिथली एफएन कंपनी त्याचं पिस्तूल आधीपासून बनवत होती. करार झाला आणि पहिली ऑर्डर निघाली १०,००० बंदुकांची. १९०५ पासून रेमिंग्टननेही परवाना घेऊन हीच बंदूक अमेरिकेत बनवली, तिला पुढे ‘मॉडेल ११’ हे नाव मिळालं.

विंचेस्टरचं काय झालं?

खरी मेख इथे आहे. विंचेस्टरलाही अशी बंदूक हवीच होती, पण वाटेत जॉनची पेटंट आडवी आली. बोल्ट मागे ओढायची मूठसुद्धा पेटंटमध्ये होती. म्हणून त्यांच्या १९११ च्या मॉडेलमध्ये मूठच नव्हती, नळी मागे ढकलावी लागे. त्या काळची कागदी काडतुसं ओलाव्याने फुगून अडकायची. मग लोक दस्ता जमिनीवर टेकवून नळी खाली दाबायचे, तोंड मात्र नळीसमोरच! यात अपघात झाले आणि त्या बंदुकीला ‘विधवा करणारी’ असं नाव पडलं. १९२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

ऑटो-५ मात्र जवळपास शंभर वर्षं बनत राहिली, आधी बेल्जियममध्ये आणि पुढे जपानमध्ये.

जुनी ऑटो-५ घेताना जाणकार काय बघतात?

सर्वात आधी पुढचं लाकूड काढून नळीच्या स्प्रिंगजवळच्या कड्या. भारी काडतुसांसाठी त्यांची मांडणी वेगळी, हलक्यांसाठी वेगळी. मालकाने हलक्या मांडणीवर भारी काडतुसं उडवली असतील, तर नळी जोरात मागे आदळते आणि लाकडाला तडे जातात. वरून चकाचक दिसणाऱ्या बंदुकीचा खरा इतिहास हे तडे सांगतात.

दुसरं म्हणजे काडतुसाच्या घराची लांबी. सुरुवातीच्या १६ गेजच्या अनेक बंदुकांत ती सुमारे ६५ मिलिमीटर असते. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात वापरणं धोक्याचं.

तिसरं, जुन्या बेल्जियन नळ्यांत पोलादी छऱ्यांची काडतुसं वापरू नयेत. आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातली बंदूक असेल तर दस्त्यामागचे स्क्रू काढून गंज बघतात, कारण त्या काळातलं काही लाकूड मीठ लावून सुकवलेलं होतं. शेवटचा शब्द अर्थातच अनुभवी कारागिराचा.

कामावरच शेवट

जॉनच्या नावावर १२८ पेटंट आहेत. अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेलं प्रसिद्ध पिस्तूल त्याचंच. भारतीय सैन्यासाठी ईशापूरच्या कारखान्यात बनणारं ९ मिमी पिस्तूलही त्याने सुरू केलेल्या डिझाईनवरच आधारलेलं. त्याच्या हत्यारांनी दोन महायुद्धांत असंख्य जीव घेतले, हेही विसरून चालणार नाही.

२६ नोव्हेंबर १९२६ ला बेल्जियममध्ये, एफएनच्या कारखान्यात काम करतानाच त्याचं हृदय थांबलं. तेव्हा तो ७१ वर्षांचा होता. त्याची शेवटची शॉटगन मुलगा व्हॅल याने पूर्ण केली.

आपल्या कामाची किंमत आपणच ठरवायची, एवढा एकच हट्ट त्याने धरला. तो महागात पडला विंचेस्टरला!