बाळू पालवणकर यांचा दुखरा खांदा

पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये इंग्लंडला गेलेला पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ २३ पैकी १५ सामने हरला. हा दौरा लक्षात राहिला तो एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजामुळे. पस्तिशीतले बाळू पालवणकर खांदा दुखत असतानाही गोलंदाजी करीत राहिले आणि त्यांनी ११४ बळी मिळवले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एकाच डावात ८.

पालवणकर घराणे मूळचे कोकणातील, चर्मकार समाजातले. बाळूंचा जन्म धारवाडचा, पण ते वाढले पुण्यात. तेथे पारशी मंडळींच्या मैदानावर त्यांनी झाडलोट केली आणि पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात अल्प पगारावर नोकरी धरली. खेळपट्टीची निगा राखणे, जाळी बांधणे ही कामे होतीच. त्यात क्लबातील नामवंत फलंदाज ग्रेग सरावासाठी त्यांना रोज तासन्‌तास गोलंदाजी करायला लावू लागले. बॅट मात्र त्यांच्या हाती कधी दिली गेली नाही. फलंदाजी साहेबांची, राबणे चाकराचे, ही वाटणी तिथे पक्की होती. बाळूंचे कसब याच कष्टातून घडले. खांद्याची झीजही तिथेच सुरू झाली असावी.

खांदा हा उखळीचा सांधा. पण त्याची उखळ उथळ आणि दंडाच्या हाडाचा गोळा मोठा. तो जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यत्वे चार स्नायूंच्या कंडरा करतात. त्यांच्या वेढ्याला वैद्यक ‘रोटेटर कफ’ म्हणते. हात वारंवार डोक्यावर नेणाऱ्यांच्या कंडरा झिजतात, कधी फाटतात. मग हात वर उचलताना कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही. चाळिशीनंतर रंगाऱ्यांना, हमालांना, गृहिणींनाही हे दुखणे गाठते. बहुतेकांना विश्रांती आणि नेमका व्यायाम यांनी आराम पडतो. मात्र पडल्यावर हात अचानक उचलेनासा झाला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. बॉस्टनचे शल्यचिकित्सक कॉडमन यांनी फाटलेली कंडरा शिवल्याची उदाहरणे प्रसिद्ध केली तीही १९११ मध्येच. बाळूंना मात्र दुखत्या खांद्यानेच षटके टाकावी लागली. हल्ली गोलंदाजाने सरावात टाकलेले चेंडूही मोजले जातात; पुण्यातील जाळ्यांत बाळूंनी किती टाकले, हे कोणी मोजले नाही.

मैदानावर त्यांच्या हातातला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत असे, चहा चालत नसे. तो त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. इंग्लंडहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिल्याचे सांगितले जाते. पाण्याचा हाच प्रश्न घेऊन आंबेडकर पुढे महाडला गेले. तेथील नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. पण तळ्याकाठी उतरण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला.

बाळूंना हिंदू संघाचे रीतसर कर्णधारपद लाभले नाही. १९२० मध्ये त्यांना वगळले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या धाकट्या भावांनीही निषेध म्हणून संघ सोडला. विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले. ज्येष्ठ बंधूंचे अर्धे श्रेय त्यात धरायला हरकत नाही. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, ही बाळूंची कमाई.

राजकारणात आंबेडकरांशी त्यांचे सूर जुळले नाहीत. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. पण १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.