दारिद्र्याचा हिशेब मांडणारे दादाभाई

सत्तेवर नवी माणसे आली, की गोरगरिबांचे दिवस पालटतील, ही आशा फार जुनी आहे. दादाभाई नौरोजी यांनी ती जवळजवळ चाळीस वर्षे उराशी बाळगली. लंडनमधील सरकार बदलले, की हिंदुस्थानचे दैन्य सरेल, असे त्यांना मनापासून वाटत असे. प्रत्येक सत्तांतरानंतर त्यांच्या पदरी निराशाच आली. मात्र याच वाटचालीतून देशाला दोन गोष्टी मिळाल्या. एक, दारिद्र्य मोजण्याची रीत आणि दुसरी, स्वराज्याची मागणी.

४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात दादाभाईंचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाई यांनी त्यांना कष्टाने वाढविले आणि शिकविले. मुंबईतील त्यांचे शिक्षण विनाशुल्क झाले. हा खर्च गरीब रयतेच्या पैशांतून झालेला असून, तिचे ऋण फेडणे हे आपले कर्तव्य आहे, ही जाणीव त्यांनी आयुष्यभर जपली. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत ते गणिताचे प्राध्यापक झाले. मुलींच्या शाळांसाठी त्यांनी खस्ता खाल्ल्या, तर १८५१ मध्ये 'रास्त गोफ्तार' हे पत्र सुरू केले. १८५५ मध्ये कामा कंपनीच्या व्यापारासाठी त्यांनी इंग्लंड गाठले आणि तेथेच त्यांच्या खऱ्या जीवनकार्याला आरंभ झाला.

हिंदुस्थान गरीब का, या प्रश्नाला राज्यकर्त्यांची उत्तरे ठरलेली होती. कधी पावसाला बोल लावला जाई, कधी वाढत्या लोकसंख्येला, तर कधी रयतेच्या उधळेपणाला. दादाभाईंनी भावनेला हात न घालता आकड्यांची वाट धरली. सरकारच्याच अहवालांतून त्यांनी प्रांतवार लागवड, पीक आणि बाजारभाव गोळा केले. ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे १७ कोटी लोकांचे दरडोई वार्षिक उत्पन्न अवघे २० रुपये भरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. परदेशी जाणाऱ्या मजुरांना जहाजावर मिळणारा शिधा प्रमाण धरून, जगण्यासाठी प्रांतानुसार वर्षाला १६ ते ३५ रुपये लागतात, हेही त्यांनी दाखवून दिले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार करीत असलेला खर्च त्यांनी याच हिशेबाशेजारी ठेवला. गुन्हेगाराच्या वाट्याला येते तेवढेही कष्टकरी रयतेला मिळत नाही, हे त्यातून उघड झाले. १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी या विषयावरील निबंध वाचला.

पैसा जातो कुठे, याचाही माग त्यांनी काढला. इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतने आणि लंडनमधील कारभाराचा खर्च या वाटांनी देशाची संपत्ती बाहेर जात होती आणि तिच्या बदल्यात देशाला काहीच मिळत नव्हते. गळक्या रांजणात कितीही पाणी ओतले, तरी तो भरत नाही, अशी देशाची अवस्था होती. सरकारला या हिशेबाची दखल घेणे भाग पडले. १८८२ मध्ये अधिकाऱ्यांनी दरडोई उत्पन्न २७ रुपये असल्याचे सांगितले, तर १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपयांचा आकडा पुढे केला. हे सरकारी आकडे जसेच्या तसे मानले, तरी रयतेची कंगाली झाकली जात नव्हती.

इंग्लंडच्या जनतेला सत्य कळले, की ती न्याय करील, या विश्वासाने दादाभाई निवडणुकीत उतरले. १८८६ मध्ये ते पराभूत झाले. १८९२ मध्ये मात्र लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून उदारमतवादी पक्षातर्फे ते अवघ्या पाच मतांनी विजयी झाले. त्याच वर्षी ग्लॅडस्टन पुन्हा पंतप्रधान झाले. स्वपक्षाची सत्ता आणि सभागृहात स्वतःचे आसन, असा योग जुळून आला होता. १८९३ मध्ये सनदी सेवेची परीक्षा इंग्लंडबरोबरच हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव कॉमन्स सभागृहाने ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत केला. परंतु सरकारने प्रांतिक सरकारांची मते मागविली. मद्रास वगळता सर्वांनी विरोध नोंदविला आणि ठराव बासनात गेला. १८९५ च्या निवडणुकीत दादाभाईंची जागाही गेली.

तरीही ते थांबले नाहीत. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगाचे ते सदस्य होते. १९०० मध्ये आयोगाचा अहवाल आला, तेव्हा विल्यम वेडरबर्न आणि डब्ल्यू. एस. केन यांच्यासह त्यांनी आपले वेगळे मत नोंदविले. दरम्यान दोन भीषण दुष्काळ देशावरून गेले होते. १९०१ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत त्यांनी हेच गाऱ्हाणे जगापुढे मांडले, तेव्हा देशोदेशीच्या प्रतिनिधींनी उभे राहून त्यांना मान दिला.

१९०६ च्या आरंभी उदारमतवादी पक्षाने प्रचंड बहुमत मिळविले. जॉन मॉर्ले यांच्यासारखा विचारवंत भारतमंत्री झाल्याने हिंदी नेत्यांच्या आशा पल्लवित झाल्या. मात्र बंगालची फाळणी रद्द होणार नाही, असे मॉर्ले यांनी लवकरच स्पष्ट केले. स्वतः दादाभाई या निवडणुकीत पराभूत झाले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस, मवाळ आणि जहाल यांच्यातील तेढ वाढली असताना, कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ८१ वर्षांच्या या वृद्धाला इंग्लंडहून पाचारण करण्यात आले. आवाज क्षीण झाल्याने त्यांचे भाषण गोपाळ कृष्ण गोखले यांनी वाचून दाखविले. काँग्रेसच्या व्यासपीठावरून स्वराज्य हे ध्येय त्यांनी त्या दिवशी निःसंदिग्धपणे मांडले. ब्रिटन वा त्याच्या स्वायत्त वसाहतींप्रमाणे हिंदुस्थानचा कारभार हिंदी लोकांच्याच हाती असावा, ही ती मागणी होती.

या मागणीमागे आयुष्यभराचा अनुभव उभा होता. राज्यकर्ता कितीही सहृदय असला, तरी रयतेला त्याला जाब विचारता येत नसेल, तर त्याची सहृदयता गरिबाच्या पानात उतरत नाही. मॉर्ले विद्वान होते, ग्लॅडस्टन थोर होते. पण दोघांपैकी कोणालाही हिंदुस्थानच्या शेतकऱ्याचे मत मागावे लागत नव्हते.

३० जून १९१७ रोजी मुंबईत दादाभाईंचे निधन झाले. जागतिक बँकेने दिवसाला एक डॉलर ही दारिद्र्यरेषा मांडली ती १९९० मध्ये. त्याच्या शतकभर आधी माणसाला जगायला किती लागते आणि त्याच्या हाती किती पडते, हा साधा प्रश्न मुंबईच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने विचारून ठेवला होता. सत्तांतरे आजही होतात, आश्वासनेही मिळतात. त्यांची पारख करण्यासाठी दादाभाईंची वजाबाकी अजून उपयोगी पडते.