मेहेरबाईंचा भाचा

मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय आहे. कर्करोगाने पीडलेली माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे येतात. बीड जिल्ह्यातील कपिलधारेसारख्या, बालाघाटच्या डोंगरात वसलेल्या गावाहून निघालेल्या कुटुंबालाही प्रसंगी याच दाराशी यावे लागते. या रुग्णांत लहान मुलेही असतात आणि त्यांपैकी काहींच्या मेंदूत गाठ झालेली असते. अशा रुग्णालयाशी अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण तो संबंध नात्याचाही होता आणि विज्ञानाचाही.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. त्यांची आत्या मेहेरबाई ही सर दोराबजी टाटा यांची पत्नी. आत्याच्या घरी होमींचे जाणे-येणे असे. पोलादाचे कारखाने, वीजनिर्मिती अशा मोठमोठ्या कामांची बोलणी तेथे त्यांच्या कानांवर पडत. मुलाने यंत्रशास्त्र शिकून जमशेदपूरच्या कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची व दोराबजींची इच्छा होती. त्याप्रमाणे १९२७ साली होमी केंब्रिजला गेले. परंतु तेथे त्यांचे मन पदार्थविज्ञानाकडे ओढ घेऊ लागले. वडिलांनी एक अट घातली. आधी यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हायचे, मग हवे ते शिकायचे. १९३० साली होमींनी ती अट पुरी केली.

पुढच्याच वर्षी घरावर आघात झाला. १८ जून १९३१ रोजी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने परदेशात मरण पावल्या. त्या काळी या रोगावर खात्रीचा उपाय नव्हता. धनसंपत्ती हाताशी असूनही दोराबजींना पत्नीचे प्राण वाचवता आले नाहीत. त्यांनी आपली जवळजवळ सारी मालमत्ता एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. मेहेरबाईंचा ‘ज्युबिली’ नावाचा प्रसिद्ध हिराही तीत होता. पुढे तो विकून आलेले पैसे निधीत जमा झाले. १९३२ साली दोराबजीही निवर्तले. त्याच निधीतून परळचे रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले.

इकडे होमी अंतराळातून पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांच्या अभ्यासात गढून गेले होते. विद्युत्‌भार असलेला सूक्ष्म कण पदार्थातून जाताना त्याची शक्ती कशी खर्च होते व त्यातून नव्या कणांचा वर्षाव कसा होतो, याचे गणित त्यांनी १९३७ साली हाइटलर या शास्त्रज्ञाबरोबर मांडले. १९३९ साली ते सुट्टीसाठी मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. प्रथम बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत त्यांनी काम केले. नंतर मूलभूत संशोधनाची संस्था काढण्यासाठी त्यांनी १९४४ साली साहाय्य मागितले, ते दोराबजींच्याच विश्वस्त निधीकडे. १९४५ साली ती संस्था सुरू झाली. आत्याच्या पश्चात निर्माण झालेल्या निधीने असा भाच्याच्या कार्यालाही हात दिला.

पुढे भाभांच्या नेतृत्वाखाली तुर्भे येथे अणुकेंद्र उभे राहिले आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. अणू म्हटले की बाँबच आठवावा, असा तो काळ होता. पण अणुभट्टीचा उपयोग औषधासाठीही होतो. साधा कोबाल्ट धातू तिच्यात ठेवला, तर तो किरणोत्सर्गी बनतो आणि त्यातून गॅमा किरण बाहेर पडतात. हे किरण रोगट पेशींवर सोडले असता त्या पेशींची वाढ खुंटते व त्या मरतात. कर्करोगाच्या चिकित्सेत किरणांचे महत्त्व वाढत जाणार, हे भाभा व जे. आर. डी. टाटा यांनी ओळखले होते. १९६२ साली टाटा स्मारक रुग्णालय अणुशक्ती खात्याकडे सोपवण्यात आले. रुग्णालय आरोग्य खात्याकडून अणुशक्ती खात्याकडे जावे, हे वरवर पाहता विचित्रच वाटते!

चित्रकला आणि संगीत यांवर प्रेम करणाऱ्या या शास्त्रज्ञाला आयुष्य मात्र थोडे लाभले. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराजवळ विमान कोसळून भाभांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते. १९६७ साली तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. त्या केंद्राने पुढे तयार केलेल्या कोबाल्ट-चिकित्सेच्या यंत्राचे नाव आहे ‘भाभाट्रॉन’.

मेंदूतील गाठ शस्त्राने काढली, तरी तिच्या काही पेशी मागे राहू शकतात. अशा वेळी किरणांचा उपयोग होतो. परंतु किरणांना रोगट पेशी आणि निरोगी पेशी यांत निवड करता येत नाही. मुलाचा मेंदू तर अजून वाढत असतो. त्याला अधिक किरण लागले, तर पुढे स्मरणशक्ती मंदावते, कधी उंचीही खुंटते. म्हणून अगदी लहान बालकांच्या बाबतीत हा उपचार शक्यतो लांबणीवर टाकतात. किरण विद्युत्‌भारित प्रोटॉन कणांचे असतील, तर हा धोका कमी होतो. ठरावीक खोलीवर पोहोचताच हे कण आपली शक्ती एकदम टाकतात व तेथेच थांबतात. त्यामुळे गाठीपलीकडचा भाग बचावतो. भाभांनी हा उपचार शोधला नाही. मात्र विद्युत्‌भारित कणाची शक्ती पदार्थात कशी खर्च होते, हाच त्यांच्या तरुणपणातील अभ्यासाचा विषय होता.

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत २०२३ पासून प्रोटॉनचा उपचार होऊ लागला. उपचारापूर्वी मुलाच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा तयार करतात, म्हणजे डोके हलत नाही. फार लहान मूल असेल, तर त्याला औषध देऊन निजवतात. उपचाराच्या वेळी आईवडिलांना बाहेर थांबावे लागते. आत मुलाला वेदना होत नाहीत. काही वेळाने दार उघडते, मुखवटा निघतो आणि मूल आईकडे परत येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे बहुधा सहा आठवडे चालते.