यंत्राला शिकवू पाहणारे ॲलन ट्यूरिंग

गेल्या महिन्यात गुरुजींनी प्रश्न घातला, आपल्या शाळेपुढचा कडुलिंब लावला तेव्हा मुख्याध्यापक कोण होते? मी बाबांच्या मोबाईलला विचारले. त्याने झटकन एक नाव सांगितले. मी ते फळ्यावर लिहिले आणि साफ चुकलो. मग गुरुजींनी जुनी नोंदवही काढली. तीत झाड लावल्याचे वर्ष होते, नाव नव्हते. कार्यालयातल्या फलकावर मुख्याध्यापकांची नावे व वर्षे होती, झाड नव्हते. दोन्ही जोडले तेव्हा उत्तर आले. यंत्राला असे जोडायला शिकवता येते का, असे मी विचारले. तेव्हा गुरुजींनी मला ट्यूरिंग यांचे चरित्र वाचायला दिले.

ॲलन ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सरकारी नोकरीत होते. त्यामुळे ॲलन व थोरला भाऊ यांचे बालपण बरेचसे इंग्लंडात दुसऱ्यांच्या घरी गेले. १९२६ साली नव्या शाळेत जायच्या वेळी संपामुळे आगगाड्या बंद होत्या. तेरा वर्षांचा ॲलन सायकलने सुमारे १०० किलोमीटर गेला. आपण तर दोन थेंब पडले की दांडी मारतो!

पुढे ते केंब्रिजला गणित शिकले. १९३६ साली त्यांनी कल्पनेतल्या एका यंत्रावर लेख लिहिला. लांब पट्टीवरची चिन्हे वाचायची, पुसायची, नवी लिहायची, एवढेच त्याचे काम. पण नियम बदलले की तेच यंत्र वेगळे काम करील. आजच्या संगणकाचे मूळ यात आहे.

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले. जर्मन आरमार एनिग्मा यंत्राने गुप्त संदेश पाठवी. त्यातील चक्रांच्या ३३६ मांडण्या होऊ शकत. ट्यूरिंग यांनी ब्लेचली पार्क येथे एक युक्ती काढली. प्रत्येक संदेश लांब कागदावर भोके पाडून उतरवायचा. दोन कागद एकमेकांवर सरकवायचे आणि भोकांवर भोके किती येतात ते मोजायचे. एका जोडीवरून खात्री होत नसे. म्हणून प्रत्येक पुराव्याला गुण देऊन अनेक जोड्यांच्या गुणांची बेरीज करीत. त्यामुळे तपासायच्या मांडण्या पुष्कळ कमी होत. मग उरलेले काम मोठी यंत्रे करीत.

१९५० साली त्यांनी लिहिले, की मोठ्या माणसासारखे यंत्र एकदम बनवू नये. लहान मुलासारखे बनवावे आणि शिकवावे. आज तसेच काहीसे चालते. यंत्राला प्रश्न देतात, अनेक कागद देतात, बरोबर उत्तर देतात आणि ते कोणकोणत्या वाक्यांवरून आले तेही दाखवतात. अशी हजारो उदाहरणे सोडवून यंत्र जोडायला शिकते. तरी चुकते. म्हणून कशावरून, हे विचारावेच लागते.

ट्यूरिंग यांचा शेवट वाचून मला रडू आले. त्या वेळी इंग्लंडात पुरुषाने पुरुषावर प्रेम करणे गुन्हा होता. १९५२ साली त्यांच्यावर खटला झाला. तुरुंग टाळण्यासाठी औषधांची शिक्षा पत्करावी लागली. युद्धातले त्यांचे काम गुप्त होते, त्यामुळे या माणसाने देशासाठी काय केले ते लोकांना ठाऊकच नव्हते. अर्धेच कागद पाहून लोकांनी माणूस ठरवला. ७ जून १९५४ रोजी ते वारले. वय अवघे ४१. तो कायदा आता तिथे नाही. २००९ साली ब्रिटनच्या पंतप्रधानांनी सरकारच्या वतीने माफी मागितली, पण ती ऐकायला ते नव्हते.

आता मी कुठलेही उत्तर लिहिले की खाली लिहितो, हे कशावरून. आणि कुणाबद्दल कोणी वाईट सांगितले, तर आधी दुसरा कागद शोधतो.