वर्ध्याहून चापिंगोला

परदेशी स्थायिक व्हायचे म्हणजे पारपत्र, व्हिसा, पदवीची प्रमाणपत्रे आणि बँकेतील शिल्लक यांची जुळवाजुळव, असे आजच्या पिढीला वाटते. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी वयाच्या चाळिशीत मेक्सिकोमध्ये नवे आयुष्य मांडले, तेव्हा यांतील बहुतेक गोष्टी त्यांच्याजवळ नव्हत्या. मायदेशी परतण्याची वाट मात्र पुरती बंद झालेली होती.

७ नोव्हेंबर १८८४ रोजी जन्मलेले खानखोजे मूळचे वर्ध्याचे. त्यांच्या आजोबांचा १८५७च्या लढ्याशी संबंध होता, असे घरात सांगितले जाई. नागपूर-वर्ध्याकडील तरुणांवर त्या काळी लोकमान्य टिळकांचा जबरदस्त प्रभाव होता, आणि इंग्रजांना शस्त्रानेच हुसकावायचे हे या मुलाने कोवळ्या वयातच ठरविले होते. त्यासाठी लष्करी शिक्षण हवे होते, आणि ते हिंदुस्थानात मिळणे शक्य नव्हते. म्हणून घर सोडून ते आधी जपानला आणि तेथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. हे स्थलांतर पोटासाठी नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

कॅलिफोर्नियातील माउंट टमालपायस लष्करी अकादमीत त्यांनी शिक्षण घेतले. त्याच जोडीला ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत कृषिशास्त्राचा अभ्यास केला. बंदूक आणि नांगर अशी ही दुहेरी तयारी. त्यातील बंदुकीचा भाग गदर चळवळीच्या कामी आला. या चळवळीच्या उभारणीत खानखोजे आघाडीवर होते. पहिले महायुद्ध पेटताच ते इराणमध्ये गेले, स्थानिक टोळ्यांच्या साथीने इंग्रजी फौजांशी लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. युद्धानंतरची काही वर्षे बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारकांच्या वर्तुळात गेली. जर्मनी हरली होती, पैसा आटला होता, सहकारी पांगले होते. ब्रिटिश साम्राज्याच्या हद्दीत पाऊल टाकले तर तुरुंग ठरलेला. मग जायचे कोठे?

येथे दुसऱ्या तयारीचा उपयोग झाला. विद्यार्थिदशेत कॅलिफोर्नियात असताना खानखोजे यांची मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळख झाली होती. १९१०च्या क्रांतीने जमीनदारी हादरविणाऱ्या त्या देशाविषयी त्यांना आकर्षण होते. या जुन्या स्नेहसंबंधांच्या आधाराने १९२४ साली ते मेक्सिकोत दाखल झाले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक म्हणून नेमले गेले. ज्या मित्रांशी क्रांतीच्या गप्पा मारल्या, त्यांच्याच ओळखीवर पुढे नोकरी मिळाली, हे कोणत्याही व्हिसा सल्लागाराला सुचले नसते.

चापिंगो म्हणजे मेक्सिको शहराजवळची एका जुन्या जहागिरीची वाडी. क्रांतीनंतर तेथे शेतीची शाळा आली. अध्यापन स्पॅनिशमधून करायचे. चाळिशीला टेकलेल्या माणसाने परक्या भाषेत वर्ग घेण्याइतपत सराव करणे ही साधी गोष्ट नव्हे, पण खानखोजे यांनी ती साधली. त्यांचे खरे काम मात्र मक्यावर झाले. मका हे मेक्सिकोचे अन्न, आपल्याकडे ज्वारी तसे. मक्याचा रानटी भाऊबंद असलेल्या तेओसिंते या गवताशी मक्याचा संकर करण्याचे प्रयोग त्यांनी केले आणि एकाच ताटावर अनेक कणसे लागणाऱ्या वाणावर काम केले. गव्हावरही त्यांचे संशोधन होते. प्रयोगशाळेतील ज्ञान वाडीवस्तीवर पोहोचले पाहिजे, या हट्टाने त्यांनी गावोगावच्या शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. शिक्षण फुकट आणि शेतातच. वर्ध्याच्या कोरडवाहू भागातून आलेल्या माणसाला हे सुचावे, यात आश्चर्य नाही.

नवा देश एखाद्याला कधी आपला मानतो, हे सांगणे अवघड असते. खानखोजे यांच्या बाबतीत त्याचा एक पुरावा मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर आहे. थोर चित्रकार दिएगो रिवेरा यांनी तेथे जे भित्तिचित्र काढले, त्यात श्रमिकांच्या पंगतीत भाकरी मोडून देणारा मनुष्य खानखोजे यांच्या चेहऱ्याचा आहे. छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनीही त्यांच्या मक्याच्या कणसांची छायाचित्रे टिपली. १९३६ साली बेल्जियन वंशाच्या जीन सिंडिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तेव्हा खानखोजे पन्नाशी ओलांडून गेले होते. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली मेक्सिकोतच वाढल्या. थोरल्या सावित्री साहनी यांनी पुढे वडिलांचे चरित्र लिहिले.

इतके रुजल्यावरही वर्धा मनातून गेले नव्हते. १९४७ साली देश स्वतंत्र होताच त्यांनी परतण्याची खटपट सुरू केली, आणि अनपेक्षित धक्का बसला. इंग्रजांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव स्वतंत्र भारताच्या दप्तरीही तसेच राहिले होते आणि प्रवेश नाकारला गेला. ज्याच्यासाठी देश सोडला, त्याच स्वातंत्र्याच्या दारात त्यांना अडवले गेले. या प्रसंगाविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही, याचे कारण उघड आहे. पुढे ही बंदी उठली आणि १९५०च्या दशकात ते सहकुटुंब नागपुरास येऊन राहिले. आता ते सत्तरीच्या घरात होते, पत्नी युरोपीय, मुलींचे बालपण स्पॅनिशमध्ये गेलेले. म्हणजे आता स्थलांतरित होण्याची पाळी घरातील इतरांची होती. २२ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

मेक्सिकोला मात्र त्यांचा विसर पडला नाही. चापिंगोच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात सप्टेंबर २०२२मध्ये भारताच्या लोकसभाध्यक्षांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.